कायद्याचा मूळ पाठ कोठे व कसा पाहावा

वैद्याने आपल्या चिकित्सालयात स्वतःच्या रुग्णासाठी चूर्ण, काढा, तेल किंवा गुटी तयार करून देण्यास औषधनिर्मितीचा परवाना लागतो काय, हा प्रश्न आपल्या व्यवसायात दर काही वर्षांनी नव्याने डोके वर काढतो. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न असतो तो औषधविक्रेत्यांचा : केवळ आयुर्वेदीय औषधे विकणाऱ्या दुकानदारास विक्रीचा परवाना घ्यावा लागतो काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपण बहुधा एकमेकांना विचारून मिळवितो. कोणी म्हणतो परिपत्रक आले आहे, कोणी म्हणतो मंत्र्यांनी लोकसभेत सांगितले आहे, कोणी वर्तमानपत्राचे कात्रण दाखवितो. त्यातून निर्माण होणारी भीती खरी असते आणि क्वचित तिच्यापायी चालू असलेले काम बंदही पडते. मूळ पाठ मात्र कोणी काढून पाहिलेला नसतो.

संहिता, तिच्यावरील टीका आणि त्यांवरून रचलेला संग्रहग्रंथ यांतील तारतम्य वैद्याला शिकवावे लागत नाही. चरकाचे सूत्र कोणते आणि चक्रपाणीचे विवरण कोणते, हे आपण पहिल्या वर्षापासून वेगळे ओळखतो. कायद्याच्या बाबतीत हेच तारतम्य आपण सोडून देतो आणि अधिनियम, नियम, अधिसूचना, खात्याचे पत्र, संसदेतील उत्तर व वार्ताहराचे वाक्य यांना एकाच पंक्तीत बसवितो. प्रस्तुत लेखात वरील दोन प्रश्नांचाच मागोवा घेत ही साधने कोणती, ती कोठे मिळतात आणि कोणाचे वजन किती, याचा विचार केला आहे.

अधिनियमाचा पाठ

आपल्या औषधांचा मुख्य कायदा म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० (१९४० चा २३). त्याचा आजवरच्या सुधारणांसह पाठ केंद्र शासनाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. अप्पा बळवंत चौकातील दुकानांतून मिळणारी छापील पुस्तिकाही उपयोगाची आहे, मात्र ती कोणत्या वर्षापर्यंतच्या सुधारणा धरून छापली आहे, हे मुखपृष्ठामागील पानावर पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. अनेक चिकित्सालयांत वीस-वीस वर्षांपूर्वीची प्रत आजही प्रमाण म्हणून वापरली जाते.

या अधिनियमाचे चौथे-अ प्रकरण आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांचे आहे. त्यातील कलम ३३-ईईसी परवान्यावाचून विक्रीसाठी निर्मिती करण्यास मनाई करते. त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे. त्याचा आशय असा की, जे वैद्य व हकीम स्वतःच्या रुग्णांच्या उपयोगासाठी अशी औषधे तयार करतात त्यांना या कलमातील काहीही लागू होणार नाही. आपल्या खलबत्त्याला कायद्यात जागा आहे ती येथे, एवढ्या एका वाक्यात.

हे वाक्य सावकाश वाचावे. ‘स्वतःच्या रुग्णांच्या’ हे शब्द मर्यादा घालतात. तपासलेल्या रुग्णास कागदाच्या पुडीत बांधून दिलेले चूर्ण त्यांत बसते. तेच चूर्ण डबीत भरून, नाव छापून शेजारच्या दुकानात ठेवल्यास बसत नाही. सूट ‘या कलमा’पुरती आहे, हेही ध्यानात घ्यावे. पुढच्याच कलम ३३-ईईडीने केंद्र शासनाला जनहितार्थ एखाद्या औषधाची निर्मिती, विक्री वा वितरण अधिसूचनेद्वारे थांबविण्याचा अधिकार दिला आहे. माझ्या मते अशी अधिसूचना निघाल्यास या परंतुकाचा आधार घेता येणार नाही.

विक्रेत्यांच्या प्रश्नाचे उत्तर थोडे आडवळणाने मिळते, आणि म्हणूनच ते सहसा सापडत नाही. विक्रीसाठी परवाना हवा ही अट कलम १८ मध्ये, म्हणजे चौथ्या प्रकरणात आहे. त्या प्रकरणाच्या शेवटी कलम ३३-ए येते : अधिनियमात अन्यथा तरतूद असेल तेवढे सोडून या प्रकरणातील काहीही आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांना लागू होणार नाही. मग चौथ्या-अ प्रकरणात विक्री-परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे काय, हे पाहावे. तशी ती नाही. विक्रेत्यावर बंधन आहे ते वेगळे : कायद्याचे उल्लंघन करून तयार केलेला माल त्याने विकता कामा नये किंवा विक्रीसाठी ठेवता कामा नये. म्हणून त्याचे खरे संरक्षण खरेदीच्या बिलात आणि वेष्टनावरील निर्मिती-परवाना क्रमांकात आहे. ज्या दुकानात ॲलोपॅथीची औषधेही विकली जातात, त्याला त्या औषधांपुरता परवाना अर्थातच लागतो. एक कलम वाचून थांबणाऱ्यास हे उत्तर मिळत नाही. प्रकरणाच्या सुरुवातीची आणि शेवटची कलमे वाचण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

तळटिपांचे महत्त्व

अधिकृत पाठात प्रत्येक बदललेल्या शब्दाखाली बारीक अक्षरांत तळटीप असते. बहुतेक वाचक ती ओलांडून जातात. संशोधन खरे तेथूनच सुरू होते. कलम ३३-ईईसी पाहिले, तर तळटीप १९८२ च्या ६८ व्या अधिनियमाकडे बोट दाखविते व तो १ फेब्रुवारी १९८३ पासून अंमलात आल्याचे सांगते. चौथे-अ प्रकरण मुळात ज्याने घातले तो १९६४ चा १३ वा अधिनियम. म्हणजे ज्याला या परंतुकामागील विचार शोधावयाचा आहे, त्याने सातव्या लोकसभेतील १९८२ ची चर्चा आणि त्याआधी तिसऱ्या लोकसभेतील चर्चा काढावी. राज्यसभेची कार्यवाही दोन्ही वेळची स्वतंत्रपणे पाहावी लागते.

आणखी मागे गेल्यास एक उद्बोधक गोष्ट दिसते. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समिती १९३० मध्ये नेमली गेली व तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यानंतर झालेल्या १९४० च्या मूळ अधिनियमात ‘औषध’ या शब्दाच्या व्याख्येतूनच केवळ आयुर्वेदीय व युनानी पद्धतीनुसार वापरली जाणारी द्रव्ये वगळलेली होती. म्हणजे जवळजवळ पाव शतक आपली औषधे या कायद्याच्या बाहेर होती. पुढे ती आत आली आणि वैद्याच्या स्वतःच्या रुग्णापुरती सूट मात्र राखली गेली. आजच्या परंतुकाकडे या क्रमातून पाहिल्यास ते उपकारादाखल दिलेले वाटत नाही. जुन्या व्यवस्थेचा राखून ठेवलेला अंश आहे, असे माझे मत आहे.

तळटिपांवर लक्ष ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. सुधारणा करणाऱ्या अधिनियमाच्या नावात मूळ अधिनियमाचे नाव असतेच असे नाही. जन विश्वास (तरतुदींची सुधारणा) अधिनियम, २०२३ (२०२३ चा १८) या एकाच कायद्याने अनेक अधिनियमांतील शिक्षांच्या तरतुदी बदलल्या, आणि त्यांत आपला १९४० चा अधिनियमही आहे. ‘औषधे’ हा शब्द घालून शोधणाऱ्यास तो कदाचित सापडणार नाही.

राजपत्र

कायदा म्हणून जे काही अस्तित्वात येते, ते भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध व्हावे लागते. राजपत्राची विभागणी एकदा समजून घेतली की शोधाचे निम्मे श्रम वाचतात. दुसऱ्या भागाच्या पहिल्या विभागात अधिनियम, दुसऱ्यात विधेयके, आणि तिसऱ्या विभागाच्या पहिल्या उपविभागात नियम येतात. या नियमांच्या अधिसूचनांना इंग्रजी पाठात ‘जी. एस. आर.’ व हिंदी पाठात ‘सा. का. नि.’ असा क्रमांक असतो. दुसऱ्या उपविभागातील आदेशांना अनुक्रमे ‘एस. ओ.’ व ‘का. आ.’ म्हणतात. क्रमांकापुढे कंसात ‘ई’ किंवा हिंदीत ‘अ’ असल्यास तो असाधारण अंक समजावा. १ ऑक्टोबर २०१५ पासून राजपत्राची कागदी छपाई बंद होऊन ते केवळ संगणकीय स्वरूपात ‘ई-गॅझेट’ संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. शोधताना मंत्रालय, भाग-विभाग व दिनांक यांपैकी दोन गोष्टी तरी हाताशी असाव्यात.

आपल्या विषयाचे उदाहरण म्हणजे औषधे नियम, १९४५ मधील ‘टी’ अनुसूची. उत्तम निर्मितिपद्धतीची ही अनुसूची २३ जून २००० रोजी अधिसूचित झाली व २००३ मध्ये नव्या रूपात आली. यंत्रे, जागा, गुणनियंत्रण यांविषयी ती बरेच काही सांगते. पण वैद्यांनी वाचावे असे वाक्य तिच्या प्रारंभीच आहे. १९७० च्या भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद अधिनियमाखाली नोंदणी झालेले जे वैद्य स्वतः औषध तयार करून आपल्या रुग्णांस देतात आणि बाजारात विकीत नाहीत, त्यांना या पद्धतीच्या अटींतून वगळले आहे, असा त्याचा भाव आहे.

येथे पाठभेदाकडे लक्ष द्यावे. अधिनियमातील परंतुकात नुसते ‘वैद्य’ म्हटले आहे. अनुसूचीत ‘नोंदणीकृत’ हा शब्द आला आहे. नियम हा अधिनियमाहून खालच्या दर्जाचा असल्यामुळे परंतुकाची सूट त्याने आकुंचित होत नाही, असा युक्तिवाद करता येईल. तथापि त्या भरवशावर कोणी बिनानोंदणीचे राहावे, असा सल्ला मी देणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, अनुसूचीत उल्लेखिलेला १९७० चा अधिनियम आता अस्तित्वात नाही. त्याचे निरसन होऊन राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग अधिनियम, २०२० (२०२० चा १४) आला. मग ती सूट लयास गेली काय? याचे उत्तर सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ८ मध्ये पाहावे. एखादा अधिनियम निरसित करून त्यातील तरतुदी पुन्हा अधिनियमित झाल्या असतील, तर इतरत्र असलेले जुन्याचे उल्लेख नव्याचे समजावयाचे, असा तो सामान्य नियम आहे. हा छोटा अधिनियम प्रत्येकाने संग्रही ठेवावा; तंत्रयुक्ती ठाऊक नसता संहिता वाचावी, तशी त्याच्यावाचून कायद्याच्या वाचकाची अवस्था होते.

नियमांच्या बाबतीत आणखी एक सोय आपल्या हिताची आहे आणि आपण तिचा उपयोग अत्यल्प करतो. कलम ३३-एन नुसार या प्रकरणाखालील नियम करण्यापूर्वी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. मसुद्याच्या अधिसूचनेतच हरकती व सूचना कोणत्या मुदतीत व कोठे पाठवावयाच्या हे दिलेले असते. मुदत उलटल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा मुदतीत पाठविलेल्या दोन पानी हरकतीचे वजन अधिक, असा माझा समज आहे.

पत्र, नियम आणि न्यायालयाचा आदेश

नियम १७० चा इतिहास या दृष्टीने फार शिकवण्यासारखा आहे. आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांची जाहिरात करण्यापूर्वी उत्पादकाने राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून ओळखक्रमांक घ्यावा, असा हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये घालण्यात आला. २९ ऑगस्ट २०२३ रोजी आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून या नियमाखाली कारवाई करू नये असे कळविले. त्या पत्राच्या आधारे नियम संपला असे अनेकांनी गृहीत धरले. वस्तुतः नियम राजपत्रातून येतो आणि राजपत्रातूनच जातो. खात्याच्या पत्राने तो पुसला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये याच पत्रावर बोट ठेवले. मग १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने नियम वगळण्यात आला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली, म्हणजे वगळलेला नियम पुन्हा जिवंत झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाली व ती स्थगितीही संपुष्टात आली.

सप्टेंबर २०२३, जुलै २०२४, सप्टेंबर २०२४ व सप्टेंबर २०२५ या चार वेळी ‘नियम १७० लागू आहे काय’ असे विचारले असते, तर प्रत्येक वेळी उत्तर शोधण्याचे ठिकाण वेगळे होते. म्हणून अधिनियम व राजपत्र पाहून झाल्यावर न्यायालयीन आदेश पाहणे क्रमप्राप्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या व उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवर ते मिळतात. शब्दावरून शोधण्यास ‘इंडियन कानून’ सोयीचे आहे. जाहिरातीविषयी बोलताना औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा स्वतंत्र कायदा आहे व नियम १७० असो वा नसो तो लागूच आहे, हेही विक्रेत्यांनी विसरू नये.

संसदेचे कामकाज

संसदीय साधनांचे मोल जितके फुगवून सांगितले जाते तितके नाही, आणि दुर्लक्ष करण्याइतके कमीही नाही. ती चार प्रकारची आहेत : विधेयके, सभागृहातील चर्चा, प्रश्नोत्तरे व समित्यांचे अहवाल.

विधेयकाला जोडलेले उद्देश व कारणे यांचे निवेदन प्रथम वाचावे. ते अधिनियमाचा भाग होत नाही, म्हणून अधिनियमाच्या प्रतीत सहसा आढळत नाही. पण कायदा कशासाठी केला हे शासनाच्या शब्दांत तेथेच मिळते. विधेयक म्हणजे कायदा नव्हे, हे सांगण्याची गरज पडू नये. तरीही २०१३ मध्ये राज्यसभेत मांडलेले औषधे व सौंदर्यप्रसाधने (सुधारणा) विधेयक ‘नवीन कायदा’ म्हणून आपल्या वर्तुळांत चर्चिले जात होते. ते पुढे मागे घेण्यात आले व कायदा कधीच झाले नाही. विधेयकाची आजची स्थिती काय, हे संसदेच्या ‘संसद’ या एकत्रित संकेतस्थळावर किंवा दिल्लीच्या ‘पीआरएस’ संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते. दुसऱ्या ठिकाणी सारांशही असतो, तो वाचून मूळाकडे जावे.

आयोगाच्या अधिनियमाचा प्रवास अभ्यासाला उत्तम आहे. त्याचे विधेयक ७ जानेवारी २०१९ रोजी राज्यसभेत मांडले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात सोळावी लोकसभा विसर्जित झाली. लोकसभेत प्रलंबित असलेली विधेयके अशा वेळी व्यपगत होतात; राज्यसभेत मांडलेले व तेथेच प्रलंबित असलेले विधेयक टिकते. त्यामुळे हे विधेयक वाचले, आरोग्यविषयक स्थायी समितीकडे गेले आणि समितीने नोव्हेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. राज्यसभेने १८ मार्च २०२० रोजी व लोकसभेने १४ सप्टेंबर २०२० रोजी ते संमत केले. अंमल मात्र ११ जून २०२१ पासून सुरू झाला. विधेयकावर २०१९, अधिनियमावर २०२० आणि अंमलाच्या अधिसूचनेवर २०२१. यांतील एकच वर्ष धरून शोधणारा रिकाम्या हाताने परततो. संमती आणि अंमल यांमधील नऊ महिने कोणता कायदा चालू होता, असा वाद उद्भवल्यास अंमलाची अधिसूचनाच निर्णायक ठरते.

जुन्या चर्चांसाठी संसदेचे संगणकीय ग्रंथालय आहे. त्यात लोकसभेच्या चर्चा तर आहेतच, पण स्वातंत्र्यापूर्वीच्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या चर्चाही आहेत. १९४० च्या औषध विधेयकावरील भाषणे वाचावयाची तर तेथे जावे. राज्यसभेच्या १९५२ पासूनच्या चर्चा स्वतंत्र संग्रहात आहेत. शोधासाठी कोणता शब्द घालावा यावर यश अवलंबून असते. आपल्या विषयाचे खाते वारंवार नाव बदलत आले : १९९५ मध्ये भारतीय चिकित्सा पद्धती व होमिओपॅथी विभाग निर्माण झाला, २००३ मध्ये त्याचे नाव ‘आयुष’ झाले व नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले. १९९५ पूर्वीचे सारे आरोग्य मंत्रालयाखाली सापडते आणि त्याहून जुन्या कागदांत ‘देशी वैद्यक’ या अर्थाचा ‘इंडिजिनस’ हा इंग्रजी शब्द असतो. ‘आयुष’ एवढाच शब्द टाकून १९८० मधील काही शोधू पाहणाऱ्यास पाने कोरी दिसली, तर दोष ग्रंथालयाचा नाही.

प्रश्नोत्तरांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक गोंधळ त्यांच्यामुळे होतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात व त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात; अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते आणि तेथेच संपते. लोकसभेत एका दिवसास २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न असतात. आकडेवारी हवी असेल, म्हणजे किती परवाने, किती नमुने अप्रमाणित ठरले, किती महाविद्यालये, तर अतारांकित उत्तरांची परिशिष्टे ही खाण आहे. राज्यवार तक्ते सहसा तेथेच असतात. शासनाची भूमिका जाणून घ्यावयाची असेल, तर तारांकित प्रश्नावरील पुरवण्या वाचाव्यात. पण मंत्र्यांचे उत्तर हे कायदा नव्हे. ‘मंत्र्यांनी सांगितले’ म्हणून कोणी परवाना मागितला, तर ‘कोणत्या कलमाखाली’ असे नम्रपणे विचारण्याचा अधिकार वैद्यास व विक्रेत्यास आहे. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर दिसल्यास शोध थांबवू नये. असे उत्तर आश्वासन मानले जाते, त्याच्या पूर्ततेचा कागद पुढे पटलावर ठेवला जातो आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

विभागीय स्थायी समित्यांची पद्धत १९९३ पासूनची आहे. आरोग्य व कुटुंब कल्याण समिती राज्यसभेच्या अखत्यारीत असल्यामुळे तिचे अहवाल राज्यसभेच्या विभागात शोधावेत. समितीपुढे कोणत्या संघटनांनी निवेदने दिली याची नोंद अहवालात असते. आपल्या व्यवसायाच्या वतीने कोण बोलले आणि कोण बोललेच नाही, हे तेथे कळते. न्यायालयात या अहवालांचे स्थान काय, याचा निर्णय ९ मे २०१८ रोजी कल्पना मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिला. अहवालाचा आधार न्यायालय घेऊ शकते. अहवालाच्या वैधतेला मात्र तेथे आव्हान देता येत नाही. चर्चेतील भाषणांबाबत १९८१ च्या के. पी. वर्गीस प्रकरणात विधेयक मांडणाऱ्याचे भाषण कायद्याचे प्रयोजन समजण्यासाठी पाहता येते, असे मानले गेले. कलमाची भाषा स्पष्ट असेल तेथे भाषणाने ती फिरविता येत नाही.

राज्याचा कायदा आणि पुण्यातील साधने

केवळ केंद्राचा कायदा पाहून विषय पुरा होत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत औषधे व विष (नोंद १९) आणि वैद्यक व इतर व्यवसाय (नोंद २६) समवर्ती सूचीत आहेत, तर मादक पेये राज्यसूचीत (नोंद ८) आहेत. आसवारिष्टांच्या बाबतीत म्हणूनच १९४९ च्या दारूबंदी कायद्याकडेही पाहावे लागते; बलसारा प्रकरणात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधी द्रव्यांचा प्रश्न विचारात घेतला होता, तो निर्णय आसवारिष्टे बनविणाऱ्यांनी मुळातून वाचावा. नोंदणीचा इतिहास पाहणाऱ्याने मुंबई वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९३८ पासून आरंभ करून महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ कडे यावे. १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. मुंबई विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन त्या काळी पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे; आज तेथे आपण विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज घेऊन जातो.

राज्याच्या अधिनियमांचे मराठी पाठ विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर, शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर आणि सभागृहांचे कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. केंद्रीय अधिनियमांच्या मराठी अनुवादाला १९७३ च्या प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधी) अधिनियमाखाली मान्यता मिळते, पण त्यासाठी तो राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध व्हावा लागतो. खासगी प्रकाशकाचा अनुवाद समजण्यासाठी वापरावा, भांडण्यासाठी वापरू नये.

संगणकावर न सापडणाऱ्या गोष्टींसाठी पुणेकरांना दूर जावे लागत नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय १९०५ मध्ये भारत सेवक समाजाचे ग्रंथालय म्हणून सुरू झाले. शासकीय अहवाल व जुनी प्रकाशने यांचा त्याचा संग्रह मोठा असून त्यांतील कित्येक ग्रंथ आता संगणकीय रूपातही खुले आहेत. चोप्रा समितीसारख्या अहवालांचा शोध घेणाऱ्याने प्रथम तेथील सूची चाळावी. विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय व विधी महाविद्यालयाचे ग्रंथालय ही दुसरी दोन ठिकाणे. बाहेरच्या वाचकास ओळखपत्र व महाविद्यालयाचे अथवा संघटनेचे पत्र सोबत असल्यास काम सुकर होते. ग्रंथपालास ‘आयुर्वेदाचा कायदा हवा’ असे सांगू नये; अधिनियमाचा क्रमांक व वर्ष लिहून न्यावे.

खात्याची अंतर्गत परिपत्रके यांपैकी कोठेच नसतात. त्यांसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६ खाली अर्ज करावा. ‘आयुर्वेदीय औषध विक्रीस परवाना लागतो काय’ असा प्रश्न विचारल्यास माहिती अधिकारी तो अभिप्राय ठरवून नाकारू शकतो. ‘आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीसंबंधी अमुक दिनांकापासून अमुक दिनांकापर्यंत निर्गमित झालेल्या परिपत्रकांच्या प्रती’ असे मागावे. तोंडी सांगितले गेलेले परिपत्रक कित्येकदा याच पायरीवर अस्तित्वातच नसल्याचे उघड होते.

टिपण करताना अधिनियमाचे नाव, क्रमांक व वर्ष, कलम, राजपत्राचा भाग, विभाग व दिनांक, अधिसूचनेचा क्रमांक आणि पाठ पाहिल्याचा दिवस एवढ्या गोष्टी एका ओळीत लिहाव्यात. चर्चेचा उल्लेख असल्यास सभागृह, दिनांक व स्तंभ किंवा पृष्ठ क्रमांक द्यावा. लगेच प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीवर ती असुधारित असल्याची सूचना असते. तशी प्रत वापरली असेल तर तसे लिहावे व सुधारित प्रत आल्यावर ताडून पाहावे. राजपत्राचे पान संगणकावर दिसले तेव्हाच उतरवून आपल्याकडे जतन करावे, कारण शासकीय संकेतस्थळांचे पत्ते बदलतात. लोकसभा व राज्यसभा यांची पूर्वीची स्वतंत्र संकेतस्थळे एकत्र झाल्यावर जुन्या लेखांत दिलेले कित्येक दुवे निकामी झाले आहेत.